ओढणी नव्हती

४ मे, रविवार

सकाळी बसवताना पुन्हा डोळ्यांपुढे काळोख. प्र.ने पोटाचा पट्टा आवळला, पायांत मांड्यांपर्यंतचे घट्ट मोजे चढवले, पलंगाचं हँडल थोडं थोडं फिरवत पाठ वर आणली. सगळं यथासांग. तरी बीपी ७२. कान बंद झाले, त्याचे ओठ हलताना दिसले, आवाज नाही.

"हळू, शुभा. श्वास घे." हेच म्हणाला असणार. दोन वर्षं रोज सकाळी सहा वाजता हेच म्हणतो.

निरोगी माणूस उठून बसला की पायांतल्या शिरा आपणहून आवळतात आणि रक्त वर ठेवतात. नववीच्या वर्गाला हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. माझ्या शिरांना आता निरोपच पोचत नाही. छातीच्या दुसऱ्या मणक्याशी तार तुटली. खालचं सगळं आपापलं चालतं, कुणाला विचारत नाही.

दहा मिनिटांनी ९०. प्र.ने वहीत लिहिलं. चहा आणला, गार होईपर्यंत मी हात लावला नाही. मग दुसरा करायला लावला. तोही ठेवून दिला.

७ मे

उकाडा. सगळे घामाने निथळताहेत. मी नाही. मला घाम फक्त डोक्याला आणि मानेला, बाकी अंग कोरडं ठणठणीत आणि आतून तापत जातं. दुपारी ताप १०१. ताप नव्हे, नुसतं ऊन साठलेलं. सासूबाईंनी ओले पंचे गुंडाळले. पंचा पिळता पिळता नेहमीचं सुरू. "त्या दिवशी ओढणी खोचून बसली असतीस तर..."

मी भिंतीकडे बघितलं. आई वाईट नाहीत. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्या बोलतात. स्कूटरवर बसलेली कुठलीही मुलगी दिसली की गॅलरीतून ओरडतात, अगं ओढणी बांध. सगळ्या डोंबिवलीला माझी गोष्ट माहीत आहे. सूनबाईंची ओढणी चाकात गेली. नवरा बिचारा.

त्यांच्या मुलानेच, प्र.नेच, सांगितली त्यांना. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मी आत बेशुद्ध असताना. पोलिसालाही तीच.

९ मे

आज मी लबाडी केली. लिहून ठेवते.

प्र. घरून काम करत होता, पलीकडच्या खोलीत, साहेबांबरोबर मीटिंग चाललेली. मी हाक मारली, डोकं दुखतंय. खोटं. तो हेडफोन टाकून धावत आला. धावणारच. माझ्यासारखीचं डोकं अचानक ठणकायला लागणं म्हणजे घरात आग. खाली कुठेतरी काहीतरी टोचतंय, दाबतंय, लघवीची नळी मुडपली आहे, मला जाणवत नाही, पण शरीराला कळतं आणि ते खालच्या साऱ्या शिरा आवळून घेतं. बीपी चढत जातं. वरून मेंदू थांब म्हणतो, ते खाली पोचत नाही. डॉक्टर मॅडम त्याला एडी म्हणतात. वेळेत कारण सापडलं नाही तर डोक्यातली शीर फुटते, फिट येते.

प्र.ने नळी बघितली, पिशवी बघितली, गाऊनच्या घड्या सरळ केल्या, पट्टा सैल केला, मग बीपी लावलं. ९४/६०. यंत्राकडे बघत राहिला. मग परत जाऊन मीटिंगला बसला.

मला वाटलेलं मजा येईल. फारशी आली नाही. थोडी आली.

१३ मे

राग येतो तेव्हा कानशिलं तापतात. नाडी मोजली. ६२. हृदयाचा ब्रेक मेंदूतून थेट येतो, तो शाबूत. धावायला लावणारी तार पाठीतून येते, तीच बहुतेक गेली. म्हणजे मी कितीही संतापले तरी हृदय आपलं ठुमकत चालतं, जसं काही झालंच नाही. शांत स्वभावाची झालीय आता, असं कदम काकू म्हणाल्या. या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. शांत! काकू, आत या आणि बघा.

१८ मे, रविवार

वन्सं आल्या. वैशालीताई, प्र.ची थोरली बहीण, शहाडला असतात. त्या दिवशी त्यांच्याकडूनच परतत होतो.

प्र. दूध आणायला गेला, आई पूजेला बसल्या. मी विचारून टाकलं. दोन वर्षं घशाशी होतं.

"ताई, माझी ती जांभळी ओढणी आहे का हो तुमच्याकडे?"

आधी कुठली, म्हणाल्या. मग पंख्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी जेवताना त्यांच्याच हातून वरण सांडलं होतं माझ्यावर. त्यांनीच काढून घेतली आणि बादलीत भिजवली. मी तशीच स्कूटरवर बसले, कुर्त्यावर. पुलाच्या उतारावर प्र.चा फोन वाजला, त्याने तो हेल्मेटमध्ये खुपसला. मी दोनदा म्हटलं, बाजूला घे. तो म्हणाला, एक मिनिट गं, ताई आहे. आणि मग फोनमध्ये, "राहू दे ओढणी, पुढच्या वेळी नेऊ." पुढची रिक्षा थांबलेली त्याला दिसलीच नाही.

मागून मी जी ऐकली ती शेवटची ओळ ही. ओढणी राहिल्याचा फोन. म्हणून तर खोटं बोलताना त्याच्या तोंडात ओढणीच आली असेल.

ताई शेवटी म्हणाल्या, "कपाटात आहे. धुऊन ठेवलीय. शुभा, दोन वर्षं झाली गं. तो तुझं सगळं करतो ना? आईला कळलं तर ती माझंही तोंड बघणार नाही."

करतो. सगळं करतो. म्हणूनच तर बोलायची चोरी.

जाताना फणसाचे गरे ठेवून गेल्या.

१९ मे

स्वतःला विचारलं, नक्की हवंय काय? तो तुरुंगात जायला नको. मरायला तर अजिबात नको. मला एवढंच हवंय की ज्या तोंडाने त्याने सांगितलं त्याच तोंडाने, त्याच लोकांना त्याने सांगावं की ओढणी नव्हती. मी फोनवर होतो. तिने सांगितलं होतं थांब म्हणून.

तीन वाक्यं. एवढ्यासाठी मी रोज सकाळी काळोखातून वर येते.

२३ मे

कदम काकू मिठाईचा पुडा घेऊन. वटपौर्णिमेला यंदा मंडळाचा वेगळा कार्यक्रम. दर वर्षी बायका नवऱ्यासाठी दोरा गुंडाळतात, यंदा एका नवऱ्याचा सत्कार. आदर्श पती. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. कुणाचा, ते सांगायला नको.

प्र. लाजला. खरंच लाजला, कान लाल झाले. नको काकू, असं काय, मी काय विशेष करतो. आईंचे डोळे भरून आले.

काकू माझ्याकडे वळल्या. तूही दोन शब्द बोल बाई, तुझ्या तोंडून ऐकायला सगळ्यांना आवडेल.

मी म्हटलं, बोलेन. जरूर बोलेन.

मला इतकी भूक कधी लागली नव्हती. पुड्यातले दोन पेढे खाल्ले.

२७ मे

भाषण लिहिते आहे. चार वेळा फाडलं. लांब नको. आधी आभार मानायचे, त्यांना डोळे पुसू द्यायचे. मग म्हणायचं, एक छोटी दुरुस्ती आहे.

'छोटी दुरुस्ती' छान आहे. वह्या तपासताना मी असंच म्हणायचे.

१ जून

प्र. माझे तळपाय पुसत होता. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, सगळीकडे. नख आत वाढलं तरी एडी होऊ शकतं, म्हणून दर रविवारी तपासतो. खाली मान घालून बसलेला. टाळूवर केस विरळ झालेत त्याचे. अडतिसाव्या वर्षी.

वाटलं, नको बोलूया.

मग आठवलं. अतिदक्षता विभागात शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. हा वाकून कानात म्हणाला, ओढणी अडकली तुझी, तुला आठवणार नाही. मी मान हलवली, नाही म्हणून. मान हलते माझी. त्याने बघितलं. आणि तरी बाहेर जाऊन तेच सांगत राहिला.

बोलणारच.

५ जून

आई म्हणतात, वडाची फांदी घरी आणू, खुर्चीत बसून दोरा गुंडाळ. उपास नको, बीपी पडेल. म्हटलं, सात जन्मांचं बघू, आधी या जन्माचं मिटू दे. त्यांना विनोद वाटला.

१० जून, वटपौर्णिमा. सकाळ.

बसवलं. ७८, मग ९२. नाडी ५८. झोप चांगली झाली.

प्र. हाफ डे घेऊन चारला येणार. कार्यक्रम पाचला, खाली सोसायटीच्या हॉलमध्ये. भाषण पर्समध्ये. पाठही आहे.

दोरा गुंडाळला. सात फेरे. मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

११ जून

काल जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच कुणीतरी सांगेल की तसं नव्हतंच.

तीन वाजता कदम काकू आणि दोघी जणी मला तयार करायला आल्या. गाऊनमध्ये कशी जाणार, साडी हवीच. आईंनी त्यांची हिरवी काठपदराची काढून ठेवलेली. दोन वर्षांत साडी नव्हती नेसले. आडवी करून, कुशीवर वळवून तिघींनी नेसवली, हसत खिदळत. बरं वाटलं, खोटं का बोलू. आरशात मी मीच दिसत होते.

खुर्चीत बसवल्यावर काकूंचं लक्ष चाकांकडे गेलं. निऱ्या लोंबत होत्या. म्हणाल्या, अगं बाई, चाकात जायच्या, पुन्हा तसलं काही नको. आणि पर्समधून मोठ्या सेफ्टी पिना काढून निऱ्या मांडीशी, पदर कमरेशी, सगळं जिथल्या तिथे टाचून टाकलं. आई म्हणाल्या, बरं केलंत, एकदा अद्दल घडलीय.

प्र. असता तर पिन आत येऊ दिली नसती. त्याने भिंतीवर कागद लावलाय, पहिलीच ओळ, 'टोचेल असं काही नाही'. पण तो कागद बायका कशाला वाचतील. मी वाचलेला. मी गप्प बसले, कारण मला छान दिसायचं होतं. ही चूक माझी.

हॉल भरलेला. प्र.ला शाल घातली. टाळ्या. तो दोन वाक्यं बोलला, कर्तव्य वगैरे. मग माइक माझ्याकडे.

आभार मानले. तेवढ्यात मानेवर काटा आला. हातांवरचे केस उभे. मला वाटलं, प्रसंगच तसा आहे. मग कपाळावरून घाम ओघळायला लागला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला पहिला ठोका पडला. घणाचा. ओळखलं मी. प्र. पहिल्या रांगेत होता, आईंना पाणी देत होता, माझ्याकडे पाठ. हाक मारता आली असती. माइक हातात होता.

मी ठरवलं, आधी वाक्य. इतक्या जवळ येऊन सोडणार नव्हते.

"एक छोटी दुरुस्ती आहे. त्या दिवशी माझ्या अंगावर ओढणी नव्हती. प्रसाद स्कूटर चालवताना फोनवर बोलत होता. मी त्याला थांब म्हटलं होतं."

मग कुणीतरी म्हणालं, अगं तिचा चेहरा बघा, लालभडक झालाय. आणि झुंबड. चक्कर आली तिला, झोपवा, पाय वर करा. सतरंजीवर आडवी केली, पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर. कांदा फोडून नाकाशी. चक्कर आलेल्याला ते बरोबर आहे. मला रोज सकाळी तेच लागतं. पण तेव्हा मला त्याच्या बरोबर उलट हवं होतं. पाय वर केले की उरलंसुरलं रक्तही डोक्यात. मी ओरडत होते, बसवा, मला बसवा. त्या म्हणत होत्या, बोलू नकोस बाळा, शांत पडून राहा.

प्र.ने गर्दी बाजूला लोटली. एका झटक्यात मला उचलून बसतं केलं, पाय खाली सोडले. कुणाच्या तरी घरून यंत्र आलेलं. १७६/१०४, नाडी ४६. समोरचे निवृत्त काका म्हणाले, आमचंही कधीकधी एकशेसाठ जातं. प्र. त्यांच्यावर खेकसला, "तुमचं एकशेतीस असतं, हिचं नव्वद असतं." पट्टा सोडला. नळी बघितली, मोकळी. पिशवी बघितली. मग सगळ्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि निऱ्या फेडायला लागला. मांडीशी पिन उघडलेली, अर्धा इंच आत. रक्ताचा एवढासा ठिपका. मला काहीच कळलं नव्हतं.

पिन काढली. तीन मिनिटांत १४०. दहा मिनिटांत १०८. डोक्यातले घण थांबले.

हिरव्या साडीचा ढीग पायाशी, अंगावर त्याची शाल. सत्काराची. अशी मी बसलेली, आणि त्याने माइक उचलला.

"माफ करा सगळ्यांनी. बीपी इतकं चढलं की मेंदूवर परिणाम होतो. अशा वेळी ती काहीही बोलते. कृपा करून कुणी मनावर घेऊ नका."

टाळ्या वाजवल्या त्यांनी. कदम काकू रडल्या. धन्य आहे हो तुमची, म्हणाल्या.

११ जून, दुपार

काल त्याने माझा जीव वाचवला. आणि त्याच हातांनी माझं वाक्य पुसून टाकलं. दोन्ही खरं. पहिल्यासाठी दुसरं माफ करायचं, असं सगळ्यांना वाटेल. मला नाही वाटत.

पूर्वी मी खोटं खोडून काढायला निघाले होते. आता तर मी वेडी ठरले. यापुढे काहीही बोलले तरी म्हणतील, बीपी बघा गं हिचं.

१३ जून, शुक्रवार

ठाण्याला तपासणी. डॉक्टर मॅडमनी वही बघितली, १७६ वर बोट ठेवलं. पिनेचं ऐकून कपाळाला हात लावला. प्र.चं कौतुक केलं, अगदी बरोबर केलंत.

मी विचारलं, मॅडम, अशा वेळी माणूस भ्रमात बोलतो का? नसलेलं काहीतरी?

प्र. खिडकीबाहेर बघायला लागला.

मॅडम म्हणाल्या की बीपी फार काळ तसंच राहिलं तर गोंधळ होऊ शकतो, फिटही येऊ शकते. पण त्या वेळी मी काय करत होते? मी म्हटलं, मला बसवा म्हणून ओरडत होते. त्या हसल्या. "मग सगळ्या हॉलमध्ये शुद्धीवर तुम्ही एकट्याच होतात की."

लिफ्टमध्ये प्र. म्हणाला, तुला काय सिद्ध करायचंय? मी म्हटलं, तुला माहीत आहे. त्यावर तो, "मी तुझ्यासाठी रोज मरतोय, ते कमी आहे का?" कमी नाही रे. पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१४ जून

कदम काकू येऊन माफी मागून गेल्या. पिनेबद्दल. पुन्हा साडी नाही, म्हणाल्या. बाकी त्या विषयावर अवाक्षर नाही, गालावरून हात फिरवला फक्त. लहान मुलाच्या गालावरून फिरवतात तसा.

आई मात्र कार्यक्रमापासून माझ्याकडे चोरून बघताहेत. काहीतरी शिरलंय त्यांच्या डोक्यात. भाजी निवडता निवडता विचारलं, त्या दिवशी जांभळा ड्रेस होता ना तुझा? हो म्हटलं. हॉस्पिटलातून कपड्यांची पिशवी मीच आणली होती, म्हणाल्या, कुर्ता होता, सलवार होती, आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

१५ जून, रविवार

केलं.

अकराला दोघं एकदमच खोलीत होते. प्र. तळपाय पुसायला, आई ताक घेऊन. मी म्हटलं, आई, बसा जरा. प्रसाद, बीपी घे.

तो म्हणाला, सकाळी घेतलंय. मी म्हटलं, आत्ता घे.

पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं.

"मोठ्याने वाच."

"ब्याण्णव, अठ्ठावन्न."

"आईंना सांग, हे माझं नॉर्मल आहे की नाही."

त्याने पट्टा सोडला. मग म्हणाला, "नॉर्मल आहे."

मग मी सांगितलं. वरण, बादली, पूल, फोन, रिक्षा. अतिदक्षता विभागात कानात काय म्हणाला तेही. आवाज चढवला नाही. नाडी बघितली असती तर साठ असती.

आईंनी माझ्याकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे बघत होत्या. विचारलं, "तू फोनवर होतास?"

तो हातातला टॉवेल पिळत राहिला. कोरडा होता टॉवेल. मग म्हणाला, "वैशूताईचा फोन होता."

आई म्हणाल्या, म्हणजे दोन वर्षं मी हिलाच... ताक तिथेच राहिलं.

मी सोडलं नाही. सोडायला हवं होतं का? आईंच्या समोर कबूल झालं, झालं की. पण नाही. मी म्हटलं, पुढच्या रविवारी हॉलमध्ये, तोच माइक, तेच लोक. तू सांगायचंस.

तो उठला. रागाने नाही, थकून बोलला. "सांगेन. पण मग मला इथे राहता येणार नाही, शुभा. लिफ्टमध्ये रोज त्या लोकांची तोंडं बघत तुझं करणं मला जमणार नाही. तू ठरव, तुला काय हवंय."

चारला शहाडला जाऊन येतो म्हणाला. छोटी बॅग घेतली. बीपीची वही माझ्या उशाशी ठेवली, पेन त्यात घालून.

संध्याकाळी नळीची पिशवी आईंनी रिकामी केली, भिंतीवरचा कागद वाचत वाचत. रात्री कुशीवरही त्यांनीच वळवलं.

१६ जून, सोमवार

तो आलेला नाही.

पहाटेपासून जागी आहे. माझा उजवा खांदा त्याच अपघातात मोडलेला, अजून वर जात नाही. मला एकटीला बसता येत नाही. आई एकाहत्तरच्या. मी ठरवायचं म्हणे. माझं जगणं त्याच्या हातात आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून तर असा प्रश्न टाकून जाता येतं. भीती वाटते. हे कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते. खूप भीती वाटते.

सहाला आई आल्या. केस बांधलेले, पदर खोचलेला. म्हणाल्या, सांग, मी करते. पट्टा कुठल्या बाजूने ते कळेना, दोनदा उलटा लागला. मोजे चढवताना त्यांना धाप लागली. मग पलंगाचं हँडल. एक फेरा, थांबल्या. एक फेरा. अंधारलं, त्यांना कळलं, लगेच खाली घेतलं. पुन्हा. ७०. पुन्हा खाली. त्यांचा हात माझ्या गालाला लागत होता, गार पडलेला.

तिसऱ्यांदा वर येत होते तेव्हा माझा फोन वाजला. उशाशी होता. आईंनी चष्मा सावरून बघितलं. प्रसाद, म्हणाल्या. हँडल तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. उचलू का?

मी म्हटलं, आधी मला बसवा.